देवाने नेमलेली माणसे

देवाशी असलेला आपला विशेष संबंध सांगणाऱ्या माणसांचे मराठी समाजाला नावीन्य नाही, आणि या संबंधाच्या निरनिराळ्या पायऱ्या दाखवणारे शब्दही या भाषेत पूर्वीपासून आहेत. देवाने स्वप्नात येऊन काही सांगितले तर तो दृष्टांत. घुमणाऱ्या माणसाच्या तोंडून देव बोलू लागला तर तो संचार, म्हणजेच अंगात येणे. आणि समोरचा माणूस हाच देव किंवा देवाचा अंश आहे असे मानले गेले तर तो अवतार. दृष्टांत झालेला माणूस सकाळी उठून घरच्यांना स्वप्न सांगतो, फार तर नवस फेडतो किंवा एखादे देऊळ बांधतो आणि आपल्या कामाला लागतो. संचार झालेली व्यक्ती ढोल थांबला, अंगारा लागला की भानावर येते आणि दुसऱ्या दिवशी इतरांसारखीच शेतावर दिसते. देवाच्या येण्याला आणि जाण्याला तिथे वेळ ठरलेली असते. ज्याच्याकडे आलेला देव परत जातच नाही, जो आपले उरलेले सारे आयुष्य देवाने नेमलेला माणूस म्हणून जगतो आणि इतरांनीही आपल्याला तसेच मानावे अशी अपेक्षा ठेवतो, त्याच्या स्वभावाची घडण कशी असते, या प्रश्नाची समाजशास्त्रज्ञांनी आणि मनोविकारतज्ज्ञांनी गेल्या शंभर वर्षांत बरीच उकल केली आहे.

अशा माणसाबद्दल सर्वसामान्यपणे पहिला प्रश्न विचारला जातो तो, हा खरा की भोंदू, असा. व्यवहारात हा प्रश्न आवश्यकच असतो, आणि महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही श्रद्धेवर नसून तिच्या आधाराने होणाऱ्या फसवणुकीवर, धमकावणीवर आणि शोषणावर आहे. परंतु स्वभावाचा अभ्यास करणाऱ्याला या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही, कारण इतिहासात ज्यांनी हजारो माणसे आपल्यामागे ओढली त्यांपैकी अनेकांचा आपल्या नेमणुकीवर मनापासून विश्वास होता, आणि ज्यांनी हातचलाखी केली त्यांपैकीही काहींना ती खऱ्याच्या सेवेसाठी केलेली किरकोळ तडजोड वाटत होती. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. त्याच्या मृत्यूनंतर १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ‘कॅरिस्मा’ ही संकल्पना मांडली. हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ईश्वरी कृपेने मिळालेली देणगी असा आहे, म्हणजे मराठीतला ‘प्रसाद’ हाच त्याला सर्वांत जवळचा शब्द. मराठीत त्यासाठी सर्रास वापरला जाणारा ‘करिश्मा’ हा मात्र फारसीतून आलेला, नेत्रकटाक्ष आणि लाडिक हावभाव सुचवणारा वेगळाच शब्द आहे, आणि उच्चाराच्या योगायोगाने तो इथे येऊन बसला आहे. वेबरचे म्हणणे असे की, ही देणगी खरोखर मिळाली आहे की नाही हे ठरवणे समाजशास्त्राचे काम नव्हे; अनुयायी त्या माणसाला तशी देणगी मिळालेला मानतात की नाही, एवढेच तिथे महत्त्वाचे. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा कदाचित पट्टीचा ठकही असेल, अशी शंका बोलून दाखवूनही वेबरने त्याला याच यादीत घातले.

वेबरने प्रश्न अनुयायांकडे वळवला. मनोविकारतज्ज्ञांनी तो पुन्हा त्या व्यक्तीकडे आणला. इंग्रज मनोविकारतज्ज्ञ अँथनी स्टॉर याने १९९६ साली ‘फीट ऑफ क्ले’ या पुस्तकात अनेक गुरूंची चरित्रे तपासली, आणि त्याला त्यांत काही लक्षणे पुन्हा पुन्हा आढळली. यांतले बरेच जण लहानपणी एकाकी होते; त्यांना शिष्य पुष्कळ मिळाले पण बरोबरीचे मित्र जवळजवळ नव्हते; आपल्या मनात काय चालले आहे यात त्यांना जेवढा रस होता तेवढा दुसऱ्या माणसात नव्हता. याला मानसशास्त्रात नार्सिसिझम म्हणतात, आणि त्याचा अर्थ नुसता गर्विष्ठपणा असा नसून, स्वतःच्या प्रतिमेभोवतीच सारे भावविश्व गुंफलेले असणे असा आहे. मतभेद त्यांना सहन होत नसे, कारण मत हे त्यांच्या लेखी मत नसून सत्य होते. सर्वांत ठळक लक्षण म्हणजे, साधारणपणे तिशी-चाळिशीच्या सुमारास आयुष्यात एक अंधारा काळ येणे, त्यात आजारपण, अपयश किंवा पराकोटीची अस्वस्थता भोगावी लागणे, आणि मग एकाएकी सगळ्या प्रश्नांचे उत्तर सापडल्याचा अनुभव येणे. मनोविज्ञानाचा इतिहासकार आन्री एलेनबर्गर याने अशाच प्रकारच्या काळाला ‘सर्जक आजार’ असे नाव दिले होते. या काळातून बाहेर पडलेल्या माणसाकडे जी वस्तू असते ती ज्ञान किंवा चांगुलपणा असेलच असे नाही. ती वस्तू म्हणजे खात्री. ज्यांना स्वतःच्या आयुष्यात कशाचीच खात्री उरलेली नसते अशांना ती दुरूनही जाणवते.

ही लक्षणे वाचताना मात्र सावध राहिले पाहिजे, कारण एकाकी बालपण आणि तिशीतले मानसिक संकट पुष्कळांच्या वाट्याला येते आणि त्यांतले बहुतेक जण कारकुनी करतात, संसार करतात, फार तर कविता लिहितात. स्टॉरच्या यादीने पाया दिसतो, इमारत दिसत नाही. ती पाहायची तर एखादे चरित्र जवळून तपासावे लागते, आणि त्यासाठी सतराव्या शतकातल्या शब्बताई झ्वी या यहुदी धर्मपंडिताइतके उघडे चरित्र दुसरे क्वचितच सापडेल.

शब्बताईचा जन्म १६२६ साली ऑटोमन साम्राज्यातल्या स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर या बंदरात झाला. विशीच्या आतच तो विद्वान म्हणून मान्यता पावला, पण त्याच्या मनाला भरती-ओहोटी होती. काही काळ तो प्रकाशात न्हाऊन निघाल्यासारखा असे, त्याचे गाणे आणि बोलणे ऐकणाऱ्याला भारून टाकी. आणि मग महिनोन्‌महिने तो उदास होऊन माणसांपासून तोंड लपवी. त्याचा मोठा चरित्रकार गेर्शोम शोलेम याने यावरून त्याला उन्माद आणि अवसाद आलटून पालटून येणारा विकार असावा, असे अनुमान केले आहे. भरतीच्या काळात शब्बताई विचित्र कृत्ये करी. यहुदी परंपरेत ईश्वराचे जे नाव उच्चारायचे नसते ते तो मोठ्याने उच्चारी. सालोनिका शहरात त्याने विवाहमंडप उभारला आणि धर्मग्रंथाची गुंडाळी वधू मानून तिच्याशी लग्न लावले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये १६५८ साली त्याने एक मोठा मासा विकत घेतला, त्याला तान्ह्या बाळासारखे कपडे घातले आणि पाळण्यात निजवले. मुक्तीचा काळ मीन राशीत येणार, असा त्याचा अर्थ होता. वर्षात वेगवेगळ्या ऋतूंत येणारे तीन सण त्याने एकाच आठवड्यात साजरे केले. लोकांनी त्याला हाकलले, एकदा फटकेही दिले, पण बहुतेकांना त्याची कीवच येत होती. पहिला दावा केल्यापासून सुमारे सतरा वर्षे तो असाच हिंडत राहिला, आणि आपण मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार, आहोत हे त्याचे म्हणणे कोणी गंभीरपणे घेतले नाही.

१६६५ साली घडलेली गोष्ट या विषयाच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. त्या वर्षी शब्बताईच्या कानावर आले की, गाझा शहरात नेथन नावाचा एक तरुण आहे, तो प्रत्येकाच्या आत्म्याचे मूळ ओळखतो आणि त्याला कशाने शांती मिळेल ते सांगतो. शब्बताई तेव्हा चाळिशीच्या जवळ आलेला होता आणि आपल्या चढउतारांना विटलेला होता. तो गाझाला गेला तो मसीहा म्हणून गेला नाही. वैद्याकडे रोगी जावा तसा गेला. नेथन त्या वेळी अवघा एकवीस-बावीस वर्षांचा होता, त्याला स्वतःला आधीच साक्षात्कार झाला होता आणि त्यात मसीहा म्हणून शब्बताईचेच रूप दिसले होते. बरे व्हायला आलेल्या माणसाला त्याने सांगितले की तुला बरे व्हायची गरज नाही, तू मसीहाच आहेस. शब्बताईला हे लगेच पटले नाही; काही आठवडे दोघे बरोबर हिंडले, पवित्र स्थळे पाहिली, आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याने गाझामध्ये आपण मसीहा असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षभरात ॲम्स्टरडॅमपासून येमेनपर्यंतचे यहुदी समाज ढवळून निघाले.

शब्बताईच्या स्वभावात, पहिला दावा केला त्या १६४८ साली, जे होते तेच १६६५ सालीही होते. वाढले ते एवढेच की त्याच्या उदासीला अर्थ देणारा माणूस त्याला भेटला. नेथनने असे समजावले की मसीहाचा आत्मा पापाच्या खोल दरीत अडकलेल्या प्रकाशकणांना सोडवायला जातो, म्हणून त्याला यातना होतात. म्हणजे ओहोटीचा काळ हाही नेमणुकीचाच पुरावा ठरला. त्यातच पूर्व युरोपात १६४८ सालापासून यहुद्यांच्या भीषण कत्तली झाल्या होत्या, आणि तारणहाराची वाट पाहण्यास समाजाजवळ कारणे भरपूर होती. स्वभाव, त्याचा अर्थ लावणारा आणि वाट पाहणारा समाज हे तिन्ही एकत्र आल्यावाचून दैवी नेमणूक उभी राहत नाही, आणि चरित्रकार बहुधा पहिल्यावरच थांबतात.

याची उलट बाजू १९५९ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथील मनोरुग्णालयात दिसली. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने, आपणच ख्रिस्त आहोत असे मानणारे तीन रुग्ण एका कक्षात आणून ठेवले आणि सुमारे दोन वर्षे त्यांना एकमेकांसमोर बसवले. एका जागी तीन ख्रिस्त असू शकत नाहीत, तेव्हा आपसांत भेटून त्यांचे भ्रम ढासळतील अशी त्याची अटकळ होती. तसे काही झाले नाही. एकाच्या मते उरलेले दोघे जिवंतच नव्हते, त्यांच्या आतली यंत्रे बोलत होती. दुसऱ्याचे म्हणणे असे की हे दोघे वेड्यांच्या इस्पितळातले रोगी आहेत, मग त्यांचे बोलणे मनावर काय घ्यायचे. या दुसऱ्या उत्तरातला तर्क बिनचूक आहे, हे मान्य करावे लागते. पुढे अनेक वर्षांनी रोकीचने कबूल केले की आपण तिघांना बरे करू शकलो नाही, आणि रात्रंदिवस त्यांच्या आयुष्यात ढवळाढवळ करण्याचा हक्क आपल्याला आहे असे समजून आपणच देव व्हायला निघालो होतो. त्या तिघांच्या खात्रीत काही उणे नव्हते. पण दुसऱ्याच्या मनातली गरज ओळखण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. यशस्वी पंथनायकाला ही ताकद असते, आणि त्याच्या आत्ममग्नतेशी ती कशी नांदते हे त्याच्या स्वभावातले सर्वांत चमत्कारिक कोडे आहे: त्याला समोरच्याबद्दल माया नसते, पण समोरच्याला काय हवे आहे हे मात्र त्याला क्षणात कळते.

नेमणूक एकदा मान्य झाल्यावर तिचे ओझे कसे पडते, हे चीनमधल्या होंग श्युचुआनच्या चरित्रात दिसते. क्वांगचौ शहराजवळच्या एका खेड्यात १८१४ साली जन्मलेला हा हुशार मुलगा सरकारी नोकरीचे दार उघडणाऱ्या परीक्षेत वारंवार नापास झाला. १८३७ साली अशाच एका अपयशानंतर तो अंथरुणाला खिळला आणि बरेच दिवस भ्रमात होता. त्या भ्रमात त्याला दिसले की आपल्याला स्वर्गात नेले, पोट चिरून आतले अवयव बदलले, आणि सोनेरी दाढीच्या, काळा झगा घातलेल्या एका वृद्ध पुरुषाने राक्षसांचा संहार करण्यासाठी तलवार दिली. बरा झाल्यावर तो पुन्हा शाळामास्तर झाला. सहा वर्षांनी, आणखी एकदा नापास झाल्यावर, एका चिनी ख्रिस्ती प्रचारकाने लिहिलेली पुस्तिका त्याने नीट वाचली, आणि तिच्या आधाराने त्या जुन्या स्वप्नाचा अर्थ लावला: वृद्ध पुरुष म्हणजे परमेश्वर, स्वप्नात भेटलेला थोरला भाऊ म्हणजे येशू, आणि आपण येशूचे धाकटे भाऊ. स्वप्न १८३७ सालचे आणि नेमणूक १८४३ सालची, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

होंगला अनुयायी मिळवून दिले ते त्याचा मित्र फेंग युनशान याने, क्वांग्शी प्रांतातल्या डोंगराळ भागातल्या गरीब शेतकऱ्यांमध्ये आणि कोळसा पाडणाऱ्यांमध्ये हिंडून. १८४८ साली फेंग अटकेत असताना आणि होंग दूर असताना, यांग श्युचिंग नावाच्या एका कोळसा पाडणाऱ्याच्या अंगात प्रत्यक्ष परमेश्वर येऊ लागला, आणि दुसऱ्या एकाच्या अंगात येशू. परत आल्यावर होंगने हे दोन्ही संचार खरे मानले. मानले नसते तर आपल्या स्वप्नाचे काय, हा प्रश्न उभा राहिला असता, आणि यांगच्या तोंडून बोलणारा देव होंगलाच राजा म्हणत होता. १८५१ साली बंड उभे राहिले, १८५३ साली नानजिंग शहर जिंकून तैपिंग, म्हणजे महाशांतीचे, स्वर्गीय राज्य तिथे स्थापन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात यांगच्या अंगात परमेश्वर आला आणि त्याने राजालाच दरडावले की तू अंतःपुरातल्या स्त्रियांना क्रूरपणे वागवतोस, लाथा मारतोस, तेव्हा चाळीस फटके खा. दरबारी रडून गयावया करू लागले, आमच्या पाठीवर मारा म्हणू लागले. होंग जमिनीवर पालथा पडला, फटके घ्यायला तयार झाला, आणि तेव्हा कुठे परमेश्वराने त्याला क्षमा केली.

या प्रसंगात अवतार आणि संचार यांची गाठ पडली आहे. ज्याला देवाने कायमचे नेमले, तो ज्याच्या अंगात देव तासभर येतो त्याच्यापुढे हतबल झाला, कारण नेमणूक हे पद आहे आणि वाणी हा अधिकाऱ्याचाच आवाज आहे. १८५६ साली यांगच्या परमेश्वराने यांगसाठीही राजाच्या बरोबरीचा मान मागितला, आणि पुढच्याच महिन्यात यांग, त्याचे कुटुंब व हजारो अनुयायी कापले गेले. त्यानंतर होंग वाड्याबाहेर जवळजवळ दिसलाच नाही. तो धर्मग्रंथांवर टिपा लिही आणि पद्यात आज्ञा काढी. नानजिंगभोवतीचा वेढा आवळत आला तेव्हा ली श्युचेंग या सेनापतीने शहर सोडून निघण्याचा सल्ला दिला, तो त्याने धुडकावला. अन्न संपल्यावर परमेश्वराने पाठवलेले मधुर दहिवर म्हणून रानातले तण खाण्याचा हुकूम काढला, आणि तो प्रजेला सांगून न थांबता त्याने स्वतःही ते खाल्ले. भोंदू माणूस तण खात नाही. जून १८६४ मध्ये तो वारला, जुलैत नानजिंग पडले, आणि या साऱ्या युद्धात मेलेल्यांचा अंदाज दोन कोटी किंवा त्याहून अधिक सांगितला जातो.

अनुयायांच्या वर्तुळात नाही म्हणणारा कोणी उरला नाही की स्वभावातला प्रत्येक दोष वाढत जातो. एकटेपणाचा संशय होतो आणि खात्रीचा हट्ट. पंथनायक जिम जोन्सने आपला समुदाय अमेरिकेतून गयानाच्या जंगलात नेला आणि १८ नोव्हेंबर १९७८ रोजी त्या देशात एकूण ९१८ माणसे मेली. त्याच्या चरित्रातही बाहेरच्या जगाशी संबंध तुटत गेल्याबरोबर स्वभाव भडकत गेलेला दिसतो.

व्यक्तिमत्त्व पूर्णपणे वजा करूनही दैवी नेमणूक चालू राहू शकते, याचे उदाहरण पुण्याजवळ चिंचवडला घडले. मोरया गोसावी यांच्या घराण्यात गणपतीचा अंश सात पिढ्या उतरला अशी श्रद्धा होती आणि गादीवरचा पुरुष ‘देव’ म्हणूनच ओळखला जाई. कॅप्टन एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने १८०० साली चिंचवडला भेट दिली आणि पुढच्याच वर्षी या वंशपरंपरागत जिवंत देवाची हकीकत ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेत छापली. इथे कोणाला आजारपणातून साक्षात्कार व्हावा लागत नव्हता, कोणाला खात्री मिळवावी लागत नव्हती. वेबर ज्याला कॅरिस्माचे नित्यात रूपांतर म्हणतो ते झालेले होते, आणि देवपण वतनासारखे बापाकडून मुलाकडे येत होते. चिंचवडच्या देवांपैकी कोणी तैपिंगसारखे राज्य उभारायला निघाला नाही, याचे एक कारण तेच असावे.

जिद्दू कृष्णमूर्तींच्या बाबतीत नेमणूक झाली आणि ती नाकारली गेली. मद्रासजवळच्या अड्यारला १९०९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या लेडबीटर यांनी या चौदा वर्षांच्या मुलाला जगद्गुरूचे पात्र म्हणून निवडले, ॲनी बेझंट यांनी त्याला आपल्या छायेत घेतले आणि त्याच्यासाठी १९११ साली ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ ही संघटना काढली. शिष्य होते, पैसा होता, किल्लाही मिळाला होता. १९२५ साली त्यांचा धाकटा भाऊ नित्यानंद वारला. त्याला काही होणार नाही, असे आश्वासन ज्या अदृश्य गुरूंच्या नावाने मिळाले होते त्यांच्यावरचा कृष्णमूर्तींचा विश्वास त्या मृत्यूने ढळला. ३ ऑगस्ट १९२९ रोजी नेदरलँड्समधल्या ओम्मेन येथे सुमारे तीन हजार सभासदांसमोर त्यांनी ती संघटना विसर्जित केली. अपेक्षाभंग झाल्यावर अर्थ बदलून नेमणूक वाचवण्याची वाट त्यांनाही मोकळी होती, आणि ती सुचवणारे नेथनही भोवती कमी नव्हते. भाऊ मेला एवढीच गोष्ट त्यांनी मानली.

शब्बताईला मात्र ती वाट शेवटपर्यंत मिळाली. सप्टेंबर १६६६ मध्ये त्याला एडिर्न येथे सुलतानाच्या दरबारात उभे करण्यात आले आणि मृत्यू किंवा धर्मांतर यांतले एक निवडायला सांगण्यात आले. त्याने पागोटे चढवले, मुसलमानी नाव घेतले, आणि राजवाड्यातले एक मानाचे पद व रोजचे वेतन पदरात पाडून घेतले. नेथनने याचाही अर्थ लावला: मसीहा शत्रूच्या गोटात शिरला आहे. १६७६ साली आजच्या माँटेनेग्रोतल्या उल्सिन येथे शब्बताई हद्दपारीत वारला, तरी सालोनिकामधल्या काही कुटुंबांनी त्याच्या मागोमाग धर्मांतर करून, वरून मुसलमान आणि आतून त्याचे भक्त, असा पंथ कित्येक पिढ्या चालवला.

त्याच काळातल्या ग्लुकेल या जर्मन यहुदी बाईने आपल्या आठवणींत सासऱ्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. मसीहा आल्याचे ऐकून म्हाताऱ्याने राहते घर सोडले आणि पवित्र भूमीकडे निघायचे म्हणून हॅम्बुर्गला तिच्याकडे दोन मोठी पिंपे पाठवली. त्यांत कापडचोपड होते, वाटाणे, घेवड्याच्या बिया, खारवून सुकवलेले मांस आणि सुका मेवा, असे टिकणारे जिन्नस होते. पिंपे वर्षभराहून अधिक काळ तशीच पडून राहिली. मांस सडेल म्हणून अखेर सासऱ्यांनी कळवले की खाण्याचे तेवढे काढून घ्या. कापडाची पिंपे मात्र तीन वर्षे तिथेच होती.